चालू होताना हात लावू नये

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी नकाशेंनी मशीनचं बटण दाबलं, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ते मावशींची वाट बघत बसले.

नकाशे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण पाणीपुरवठा कार्यालयाच्या तळमजल्यावर बसून त्यांनी बावीस वर्षं जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले होते, आणि इतकी वर्षं माणूस एकच काम करत राहिला की त्याचं आडनाव आपोआप गळून पडतं. हल्ली तर घरून बायकोचा फोन आला तरी ती "नकाशे आहेत का?" असंच विचारायची. खिडकीजवळचं टेबल, त्यावर हे मशीन, आणि टेबलाखाली पाय ठेवायला एक लोखंडी चाक, असा त्यांचा संसार होता. ते चाक कार्यालयाने कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बसवलेलं आहे अशी त्यांची समजूत होती. थंडीत लोखंड गार लागायचं म्हणून त्यांनी त्यावर घरची जुनी उशी बांधली होती.

मशीनच्या काळ्या पडद्यावर कोपऱ्यात एक करडं कासव दिसत होतं. कासव हलत नव्हतं. ते हलणार नाही हे नकाशेंनाही माहीत होतं. सव्वादहाला मावशी येतील, फडकं मारतील, मारता मारता मशीनला दोन शब्द सुनावतील, आणि मग कासव पाय हलवेल. गेले तीन महिने हे असंच चाललं होतं, त्यामुळे त्यात कुणालाही काही विचित्र वाटेनासं झालं होतं.

चार महिन्यांपूर्वी मशीन बनवणाऱ्या कंपनीने कळवलं होतं की हे मशीन आता फार जुनं झालं, याच्यावर आमची नवी सिस्टिम चालणार नाही, जुनीची काळजी आम्ही घेणार नाही, तेव्हा तुमचं तुम्ही बघा. पाठोपाठ वरच्या मजल्यावरून परिपत्रक आलं की ज्या विभागाच्या मशीनवर चालू सिस्टिम नाही तो विभाग बंद करण्यात येईल. नकाशेंनी नवं मशीन मागितलं. वरून उत्तर आलं, बंद होणाऱ्या विभागाला नवं मशीन देता येत नाही. नकाशेंनी विचारलं, विभाग का बंद होणार? उत्तर आलं, मशीन नाही म्हणून.

विभाग बंद होण्याचं नकाशेंना तितकं वाईट वाटलं नसतं. पण पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की सदर कर्मचाऱ्याची बदली तक्रार खिडकीवर करण्यात येईल. तक्रार खिडकी म्हणजे लोक बाटलीत गढूळ पाणी घेऊन येणार आणि म्हणणार, हे तुम्ही पिऊन दाखवा. सध्याचा खिडकीवाला चांगला धिप्पाड गडी होता, तोही चार वर्षांत एका कानाने ऐकेनासा झाला होता. डॉक्टर म्हणाले, कानात काही दोष नाही, यांनी स्वतःहून बंद केलाय. आणि नकाशे तर असे की दुकानदाराने चुकीची वस्तू दिली तर बदलून मागायला लाज वाटते म्हणून तीच वापरत. घरात तीन डाव्या पायाच्या चपला होत्या.

अशा वेळी माणसाला बहीण आठवते. नकाशेंची मोठी बहीण, ताई, शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झाली होती आणि आता लोकांनी टाकून दिलेली मशीनं घरी आणून जिवंत करायची. तिच्याकडे अशी पाच मशीनं होती. त्यातलं एक तर उघडं पडलेलं, नुसता सांगाडा, पण चालायचं. नकाशेंनी फोनवर अडचण सांगितली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "छोट्या, मशीन म्हातारं नसतं. कंपनी आळशी असते."

शनिवारी सुट्टीच्या दिवशी ताई गळ्यात शिट्टीसारखा पेन ड्राइव्ह अडकवून कार्यालयात आली. तीन तासांत तिने कंपनीची सिस्टिम हाकलून दिली आणि फुकटात मिळणारी दुसरीच एक सिस्टिम घातली. जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलेली, आणि जिची खूण कासव. कंपनी म्हणत होती या मशीनवर काहीच चालणार नाही. कासव चाललं. थोडं लंगडत चाललं, पण चाललं.

लंगडणं म्हणजे असं, की मशीनची तारीख रोज सकाळी अर्धशतक मागे जायची. त्या हिशोबाने नकाशे अजून जन्मायचे होते आणि तरी कामावर हजर होते. चुकीची कळ दाबली की बदकासारखा आवाज यायचा. आणि नकाशांमध्ये नळ बंद करायच्या व्हॉल्व्हसाठी जी खूण होती ती नव्या सिस्टिमला ठाऊक नव्हती. म्हणून तिने आपल्या मनाने त्या जागी छत्री काढली. सबंध गावाच्या पोटातून नळ गेलेले आणि जागोजागी छत्र्या उघडलेल्या. नकाशे म्हणाले, चालेल. तक्रार खिडकीपेक्षा काहीही चालेल.

जाताना ताईने एका कार्डावर मोठ्या अक्षरात लिहून मशीनच्या कपाळावर चिकटवलं: चालू होताना कशालाही हात लावू नये.

सोमवारी नकाशेंनी बटण दाबलं आणि हात मांडीवर ठेवले. पाऊण तास झाला. कासव तसंच. त्यांनी ताईला फोन केला.

"हात लावलास?" ताईने विचारलं.

"नाही."

"मग थांब."

"किती वेळ?"

"चालू होईपर्यंत," ताई म्हणाली आणि फोन ठेवला.

तेवढ्यात सफाईच्या मावशी आल्या. मावशींना वाचता उत्तम येत होतं, पण दुसऱ्याच्या सूचना वाचायची त्यांना सवय नव्हती. नकाशे नको नको म्हणेपर्यंत त्यांनी ओलं फडकं घेऊन मशीनच्या कळा खसाखसा पुसायला घेतल्या आणि पुसता पुसता तोंडाचा पट्टा सोडला, "ऊठ की रे मेल्या. दहा वाजून गेले. फुकट वीज खातोस, लाज नाही वाटत?"

कासवाने एक पाय हलवला. मग दुसरा. मिनिटभरात पडद्यावर नकाशे उघडले.

नकाशेंनी जो निष्कर्ष काढला तो त्यांच्या जागी कुणीही काढला असता. कार्डावर स्पष्ट लिहिलं होतं की हात लावायचा नाही. मावशींनी हात लावला, तरी मशीन बिघडलं नाही, हे नशीब. म्हणजे चालू झालं ते कशाने? बोलण्याने. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. एकदा मावशी अकराला आल्या, मशीन अकराला उठलं. एकदा मावशींच्या ऐवजी साहेबांनी स्वतः दम देऊन पाहिला. काही झालं नाही. पण साहेबांच्या दमाने त्या कार्यालयात आजवर कोणीच हललं नव्हतं, त्यामुळे त्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. ताईला हे सांगायची सोय नव्हती, ती मरेस्तोवर हसली असती. नकाशे गप्प बसले आणि मावशींना रोज चहा पाजू लागले.

आज मात्र सव्वादहा झाले, साडेदहा झाले, मावशींचा पत्ता नाही. आणि अकरा वाजता वरच्या कार्यालयाच्या तपासनीस बाई मशीन पाहायला यायच्या होत्या. मशीन चालू दिसलं तर विभाग राहणार. नाही दिसलं तर नकाशे सोमवारपासून खिडकीवर.

नकाशेंनी मावशींच्या घरी फोन लावला. सुनेने उचलला. "त्यांची दाढ काढली आत्ताच," ती म्हणाली. "तोंडात कापूस आहे. दोन तास बोलायचं नाही असं सांगितलंय."

"दोनच शब्द बोलायचेत," नकाशे काकुळतीला येऊन म्हणाले.

"कोणाशी?"

"मशीनशी."

सुनेने फोनवर हात ठेवला. मग कुजबुज ऐकू आली, आणि मावशी फोनवर आल्या. नकाशेंनी फोन मशीनपुढे धरला. "म्म म्म रे म्म्म्या," मावशी म्हणाल्या. "म्म्म म्मीज म्मातोस?" सूर अगदी रोजचा होता, धारही होती. पण कासव ढिम्म. नकाशेंनी आभार मानले, लवकर बरं वाटू दे म्हणाले आणि फोन ठेवला. मग घाम पुसून त्यांनी बटण बंद केलं, पुन्हा चालू केलं, आणि हात मांडीवर ठेवले.

अकराच्या ठोक्याला तपासनीस बाई आल्या. मागे साहेब, चेहरा परीक्षेला मुलगा बसवलेल्या बापासारखा. बाई उंच, शिडशिडीत, चष्म्याला साखळी, हातात एक कोरा पांढरा नॅपकिन. त्यांनी खुर्ची पुसली, मग बसल्या. टेबलाची कड पुसली, मग तिच्यावर वही ठेवली. पेन पुसलं. नकाशेंकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं की नकाशेंना वाटलं, आता आपला नंबर.

साहेब नकाशेंच्या कानाशी वाकले. "मावशी कुठायत?"

"दाढ."

"कोणाची?"

"त्यांचीच."

साहेबांनी डोळे मिटले.

"मशीन चालू आहे?" बाईंनी विचारलं.

"होतंय," नकाशे म्हणाले.

"किती वेळ लागतो याला?"

नकाशे खोटं बोलू शकत नसत, तो त्यांचा दोष होता. "ते मावशींवर आहे," ते म्हणाले.

बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. जे लिहिलं ते फार लांब नव्हतं, पण त्याखाली दोन रेघा ओढल्या. मग त्यांनी पिशवीतून एक लाल फॉर्म काढून टेबलावर ठेवला आणि सांगितलं की त्या सव्वाअकरापर्यंत थांबतील. तोवर पडद्यावर कासवाशिवाय दुसरं काही दिसलं तर ठीक, नाहीतर हा फॉर्म भरून त्या जातील. विभाग बंद करायचा फॉर्म एकच पानी होता. चालू ठेवायचा सात पानी असतो, असंही त्यांनी सांगितलं.

साहेबांनी नकाशेंना कोपराने ढोसलं. "तुम्ही बोला आता."

"मी?"

"मग काय मी? माझं ऐकत नाही ते."

नकाशे आयुष्यात कधी कुणाला आवाज चढवून बोलले नव्हते. स्वतःच्या मुलांनाही ते चिठ्ठी लिहून रागवत. त्यांनी घसा खाकरला, मशीनकडे तोंड केलं आणि म्हणाले, "कृपया उठावं."

"अहो असं काय," साहेब दातओठ खात पुटपुटले. "मावशींसारखं."

आता लाज धरून भागणार नव्हतं. नकाशेंच्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली, ती गढूळ बाटली आली, आणि त्यांनी डोळे घट्ट मिटून एका दमात सांगून टाकलं, "ऊठ की रे मेल्या, अकरा वाजून गेले, फुकट वीज खातोस, लाज नाही वाटत?"

डोळे उघडले तेव्हा कासव जागच्या जागी होतं. तपासनीस बाईंचं पेन मात्र हवेत थांबलं होतं.

"मला म्हणालात?" बाईंनी विचारलं.

"नाही नाही. मशीनला."

"बरं," बाई म्हणाल्या आणि आणखी एक रेघ ओढली.

अकरा वाजून सात मिनिटांनी वरून धप्प असा आवाज आला. त्यामागून पाणी वाहिल्याचा आवाज. पाणीपुरवठा कार्यालयात पाण्याचा आवाज हा इतका क्वचित ऐकू येई की पहिल्यांदा कोणाला काही कळलंच नाही. मग खिडकीवाला धावत आला. पाटलोण घोट्यापर्यंत भिजलेली.

"वरच्या मजल्यावर नळ फुटलाय," तो म्हणाला. "जिन्यावरून धबधबा येतोय. मुख्य व्हॉल्व्ह बंद करायला पाहिजे."

"मग करा," साहेब म्हणाले.

"कुठेय तो?"

हा प्रश्न त्या इमारतीत आजवर कुणी विचारला नव्हता. कार्यालयाचा नळदुरुस्तीवाला गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी गळती बंद करायला गेला होता. वरच्या मजल्यावरच्या केंद्रीय विभागाकडे सगळे नकाशे पाठवल्याची नोंद होती, पण साहेबांनी वर हाक मारून विचारलं तेव्हा कळलं की वर फक्त नकाशांची यादी आली होती, नकाशे यायचे होते. कागदी नकाशे, मशीनमध्ये आल्यावर आता काय कामाचे म्हणून, गेल्या वर्षी रद्दीत गेले होते. मग साहेबांनी डोकं चालवलं. ते म्हणाले, चोवीस तास चालणारा मदत क्रमांक असतो ना, तिकडे विचारू. त्यांनी फोन लावला. पलीकडच्या खोलीत फोन वाजू लागला. मदत क्रमांक म्हणजे तक्रार खिडकीच होती, आणि खिडकीवाला तर साहेबांसमोर उभा होता.

"कोणी उचलत नाही," साहेब म्हणाले.

"लोकही हेच म्हणतात," खिडकीवाला म्हणाला.

"या इमारतीचा नकाशा कुठे आहे?" तपासनीस बाईंनी विचारलं. त्यांनी पाय उचलून खुर्चीच्या दांडीवर घेतले होते, कारण दाराखालून पाणी आत यायला लागलं होतं.

"यात आहे," नकाशे म्हणाले, आणि चौघांनी वळून कासवाकडे पाहिलं. कासवाने चौघांकडे पाहिलं.

मग छतातून एक थेंब सुटला आणि टप्पकन मशीनच्या कळांवर पडला.

"अहो, पाणी पडतंय त्यावर," बाई म्हणाल्या.

"हात लावायचा नाही, बाई," नकाशे कार्डाकडे बोट दाखवत म्हणाले. त्यांचा आवाज रडवेला झाला होता. "चालू होतंय."

दुसरा थेंब पडला. तिसरा पडला. जी बाई पेनसुद्धा पुसून धरते ती किती थेंब सहन करणार? चौथ्या थेंबाला तिचा संयम सुटला. "बाजूला व्हा," असं म्हणून बाईंनी नॅपकिन घेतला आणि कळा पुसायला लागल्या. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, मग फटींमध्ये बोट घालून. मशीन बदकासारखं ओरडलं. एकदा, दोनदा, पाच वेळा. आणि कासवाने पाय हलवला.

नकाशे बघतच राहिले. "तुम्ही काही बोललात का?" त्यांनी विचारलं.

"नाही. पुसलं फक्त."

"मनातल्या मनात?"

"अहो, पुसलं फक्त."

तीन महिन्यांची एक श्रद्धा नकाशेंच्या डोळ्यांदेखत पाण्यात वाहून गेली. पण शोक करायला वेळ नव्हता. पडद्यावर नकाशे उघडले होते. त्यांनी मशीनवर आपला डबा ठेवायची पिशवी पांघरली, इमारतीचा नकाशा काढला आणि मोठा केला.

"या छत्र्या कसल्या?" बाईंनी विचारलं.

"व्हॉल्व्ह आहेत. जिथे छत्री, तिथे व्हॉल्व्ह."

बाईंनी यावर काही विचारलं नाही. एव्हाना त्या या कार्यालयाला सरावल्या होत्या. नकाशेंचं बोट जाड रेघेवरून सरकत गेलं, फाटकातून आत, भिंतीच्या कडेने, तळमजल्यावर. सगळ्या इमारतीत मोठी छत्री एकच होती. शेजारी बावीस वर्षांपूर्वी त्यांनीच लिहिलेली टीप होती: मुख्य व्हॉल्व्ह, खोलीत, दुसऱ्या खिडकीपासून साडेचार फूट.

"कुठली खोली ही?" साहेबांनी विचारलं.

"ही."

"ही म्हणजे?"

"आपली," नकाशे म्हणाले. नोकरीच्या पहिल्या वर्षी जुन्या कागदावरून त्यांनी हे उतरवून घेतलं होतं, पण तेव्हा त्यांचं टेबल पलीकडच्या भिंतीला होतं. नंतर खिडकीजवळची जागा मिळाली म्हणून ते इकडे आले, आणि खिडकी मिळाल्याच्या आनंदात बाकी सगळं विसरले.

खिडकीवाल्याने फूटपट्टी घेतली. दुसऱ्या खिडकीपासून मोजत मोजत तो पाण्यातून चालत आला, एक फूट, दोन फूट, तीन, चार, आणि अर्ध्या फुटाला त्याचं डोकं नकाशेंच्या टेबलावर आपटलं. मग तो खाली वाकला.

"इथे एक उशी आहे," तो म्हणाला.

नकाशेंनी खाली पाहिलं. त्यांचे दोन्ही पाय नेहमीप्रमाणे, नकळत, त्या लोखंडी चाकावर विसावलेले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण त्यांनी लहानपणी पाठ केली होती. पायाखाली असेल तर काय म्हणायचं, हे कुणी शिकवलं नव्हतं.

टेबलाखाली शिरून उशी सोडायला नकाशेंना अर्धं मिनिटही लागलं नाही. चाक मात्र हलेना. कित्येक वर्षांचं बूटपॉलिश त्यावर चढलं होतं. एका बाजूने खिडकीवाला, दुसऱ्या बाजूने साहेब, मध्ये नकाशे, असे तिघे टेबलाखाली चिखलातल्या म्हशींसारखे बसून जोर लावत होते, आणि वर खुर्चीवर पाय घेऊन बसलेल्या तपासनीस बाई सांगत होत्या, "उजवीकडे. तुमच्या नव्हे, घड्याळाच्या." अखेर चाक करकरलं. पाव वळसा, अर्धा वळसा, एक. वरचा धबधबा आधी बारीक झाला, मग थेंब थेंब झाला, मग थांबला. पलीकडच्या खोलीत अजून फोन वाजत होता. साहेबांना आठवण झाली, त्यांनी तो ठेवला, आणि तोही थांबला.

इतकी शांतता त्या कार्यालयात यापूर्वी कधी झाली नव्हती. नकाशे टेबलाखालून बाहेर आले, ओल्या जमिनीवर तसेच बसले आणि त्यांनी एक लांब श्वास सोडला. तो श्वास बहुधा तीन महिने आत अडकलेला होता.

बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वाअकराला दोन मिनिटं कमी होती. छतातून गळणाऱ्या पाण्याने टेबलावरचा लाल फॉर्म भिजून त्याचा लगदा झाला होता. त्यांनी तो दोन बोटांत धरून कचऱ्याच्या टोपलीत सोडला आणि नॅपकिनला बोटं पुसली.

"दुसरा फॉर्म आहे का?" साहेबांनी घाबरत विचारलं.

"बंद करायचा एकच आणला होता," बाई म्हणाल्या. "आता सात पानी भरावा लागेल."

त्या सात पानांवर त्यांनी काय लिहिलं ते नंतर सगळ्यांना वाचायला मिळालं. मशीन चालू आहे, नकाशे अचूक आहेत, खुणा असामान्य आहेत पण समजतात. वरच्या मजल्यावर केंद्रीय विभागाची चार नवी कोरी मशीनं होती, कंपनीने पूर्ण जबाबदारी घेतलेली. चारही नखशिखान्त भिजली. कंपनीने कळवलं की जबाबदारीत पाणी येत नाही. तेव्हा ती मशीनं सुकेपर्यंत केंद्रीय विभाग तळमजल्यावर, नकाशेंच्या खोलीत हलवण्यात येत आहे, असं शेवटच्या पानावर होतं. नकाशेंच्या बदलीचा उल्लेख कुठेच नव्हता. त्यांनी सातही पानं दोनदा वाचली, बारीक अक्षरंसुद्धा.

संध्याकाळी त्यांनी ताईला सगळं सांगितलं. ताई हसली नाही. आधी ती नुसतं ऐकत होती, मग तिने समजावलं की ही सिस्टिम उठताना आपल्यासाठी एक गुप्त कुलूप बनवते. त्या कुलपाला कुणालाही ओळखता येणार नाही असं काहीतरी वेडंवाकडं लागतं, कुठली कळ कधी दाबली, माऊस कसा हलला, असलं काहीही. पत्ते पिसतात तसं. नव्या मशीनमध्ये पिसायला आतच एक भाग असतो. जुन्यात नसतो. मग ते बिचारं माणसाने काहीतरी चाळा करायची वाट बघत बसतं.

"म्हणजे हात लावायला पाहिजे," नकाशे म्हणाले.

"हो."

"मग तू लावू नये असं का लिहिलंस?"

"तीस वर्षं प्रयोगशाळेत काढली रे, छोट्या," ताई म्हणाली. "हातात लिहायला काही आलं की तेच वाक्य उतरतं."

"आणि शनिवारी तू असताना कसं चालू झालं?"

"मी वाट बघताना बोटं वाजवत बसते. तुला माहितीये."

नकाशेंना माहीत होतं. लहानपणी ती बोटं त्यांच्याच डोक्यावर वाजायची.

दोन दिवसांनी मावशी आल्या, एक गाल फुगलेला. नकाशेंनी त्यांना चहा दिला आणि सगळा खुलासा केला. मशीनला बोलणं कळत नाही, नुसतं पुसलं तरी ते उठतं, तेव्हा आता उगाच तोंडाला त्रास देऊ नका. मावशींनी ऐकून घेतलं, फडकं पिळलं आणि कळांवरून खसाखसा फिरवलं.

"ऊठ की रे मेल्या," त्या म्हणाल्या. "दोन दिवस मी नव्हते तर गावभर पाणी केलंस."

"मावशी, मी आत्ताच सांगितलं ना?"

"ऐकलं की. पण हात चालू असताना तोंड रिकामं ठेवून काय करू?"

कासव उठलं. ताईचं कार्ड नकाशेंनी आदल्या दिवशीच मशीनवरून काढलं होतं. साहेबांना मात्र त्यातला मजकूर फार पटला होता. त्यांनी ते कार्ड मागून घेतलं, पहिले दोन शब्द खोडले आणि टेबलाखालच्या मुख्य व्हॉल्व्हवर चिकटवलं. आता तिथे लिहिलेलं होतं, कशालाही हात लावू नये.

नकाशेंनी खाली वाकून ते लक्षपूर्वक वाचलं. सूचना हाताबद्दल होती. मग त्यांनी कोरडी झालेली उशी पुन्हा चाकावर बांधली, दोन्ही पाय तिच्यावर ठेवले आणि कामाला सुरुवात केली.